सुकू दिलेलं फूल

पुण्यातल्या बागांचं वर्ष जानेवारीच्या अखेरीस ऐन भरात असतं. प्रजासत्ताक दिनाच्या आगेमागे एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, माणसं रांगा लावून फुलं बघतात आणि घरी परतल्यावर आपल्या कुंड्यांकडे जरा नव्या नजरेनं पाहतात. कोथरूडच्या बंगल्यांपुढे पिटुनिया ओसंडत असतो, सदाशिव पेठेतल्या गच्चीवर डॉग फ्लॉवरच्या कांड्या उभ्या असतात. मग महाशिवरात्र उलटते, ऊन चटके देऊ लागतं आणि महिन्याभरात त्याच वाफ्यांची रया जाते. अस्टरची डोकी तपकिरी पडतात, झेंडू माना टाकतो, फ्लॉक्स वाळून काडी होतो. पाडव्याच्या आधी सगळीकडे एकच लगबग दिसते. माळी खुरपं घेऊन येतो, तासाभरात वाफा मोकळा करतो आणि वाळलेली झाडं पोत्यात भरून नेतो. सप्टेंबरात गणपती उठले, की तेच घर रोपवाटिकेत जाऊन त्याच फुलांची रोपं पुन्हा विकत घेतं.

मार्चमधल्या त्या पोत्यात पुढच्या वर्षीची बाग असते. पिटुनियाचं बी इतकं बारीक, की एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार दाणे मावतात. चार झाडांच्या बोंडांत अख्ख्या सोसायटीला पुरेल एवढं बी भरलेलं असतं. अस्टरचं, झिनियाचं, कॉसमॉसचंही तसंच. झाडानं जे करण्यासाठी जन्म घेतला ते त्यानं नुकतंच पुरं केलेलं असतं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात ते उपटलं जातं.

घरच्या फुलझाडांचं बी धरणं, हा या लेखाचा विषय. ‘बी धरणं’ हा शब्दप्रयोग शेतकऱ्याच्या घरातला आहे. वेलीवरचा एखादा चांगला दोडका खुडायचा नाही, त्याला चिंधी बांधायची, म्हणजे घरातल्या कुणाचाही हात त्याला लागत नाही. तो वेलीवरच जून होतो, वाळतो, मग चुलीवरच्या आढ्याला टांगला जातो. पुढच्या आषाढात त्याची टोपी काढून उलटा धरला, की काळं बी खळखळत खाली पडतं. काकडी, भोपळा, वाल, गवार, सगळ्यांचं असं एकेक फळ ‘बियाण्याचं’ म्हणून राखलेलं असे. भाजीला हा मान मिळाला, फुलाला सहसा मिळाला नाही. कारण उघड आहे. मराठी घरात फूल रोज सकाळी देवासाठी खुडलं जातं, आणि खुडलेल्या फुलाचं बी होत नाही. त्यातून बागकामाचा पहिला धडाही हाच, की सुकलेलं फूल लगेच काढा, म्हणजे झाड आणखी फुलेल. तो धडा खरा आहे. बी भरायला लागलं, की झाड आपली ताकद तिकडे वळवतं आणि फुलं आटतात. पण बी हवं असेल, तर निदान एका झाडापुरता हा धडा बाजूला ठेवावा लागतो. ते झाड सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कुरूप होऊ द्यावं लागतं. बी धरण्यातला सगळ्यात अवघड भाग कोणता असेल, तर तो हाच. नीटनेटक्या बागेचा सोस असलेल्या माणसाला दीड महिना वाळकं झाड नजरेसमोर सहन करायचं असतं.

पुण्याला बियाण्यांचा हा व्यवहार नवा नाही. पेस्तनजी पोचा यांची बियाण्यांची पेढी पुण्यात १८८४ साली सुरू झाली आणि फुलांच्या बियांच्या पाकिटावरचं ‘पोचा’ हे नाव पुढे कित्येक पिढ्यांच्या हौशी बागवानांना ओळखीचं झालं. त्याच काळात गणेशखिंडच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक होते जी. मार्शल वुड्रो. ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत आणि हिंदुस्थानातल्या बागकामावर त्यांनी लिहिलेल्या ‘गार्डनिंग इन इंडिया’ या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. एम्प्रेस गार्डन सांभाळणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया तर १८३० पासूनची. आज भारतीय कृषी संशोधन परिषदेचं फुलांवर संशोधन करणारं संचालनालयही पुण्यातच आहे. थोडक्यात, फुलांचं बी म्हणजे काय, ते कसं पारखावं, हे कळणारी माणसं या शहरात दीडशे वर्षं आहेत. ते ज्ञान घराघरातल्या कुंडीपर्यंत मात्र झिरपलं नाही.

आणि हवामान! बी धरणाऱ्याला पुण्यासारखं गाव शोधून सापडणार नाही. पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आटोपतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाफे लागतात, डिसेंबर-जानेवारीची थंडी फुलांना मानवते, आणि बी पिकायची वेळ येते तेव्हा मार्च-एप्रिलची दुपार इतकी कोरडी असते, की हवेतली आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली उतरते. ओठ फुटतात, कुरडया दोन दिवसांत खडखडीत वाळतात. ज्या उन्हात पुणेकर गच्चीवर पापड घालतो, त्याच उन्हात त्याच्या कुंडीतलं बी फुकटात आणि उत्तम वाळतं. मुंबईच्या दमट हवेत हेच बी बोंडातच बुरसण्याची भीती असते.

बी कुठे असतं, हे मात्र फुलागणिक नव्यानं शिकावं लागतं. पुस्तकातल्या वर्णनापेक्षा हातात घेऊन पाहणं बरं. सुरुवात झेंडूपासून करावी, कारण तो सगळ्यांच्या ओळखीचा. आपण ज्याला झेंडूचं एक फूल म्हणतो तो असतो अनेक बारक्या फुलांचा गुच्छ. पाकळ्या झाडावरच वाळून भुऱ्या पडल्या आणि खालचा हिरवा पेलाही पिवळट-तपकिरी झाला, की तो गेंद तोडायचा. पेला एका हातात धरून वाळक्या पाकळ्यांची जुडी दुसऱ्या हातानं ओढली, की बारीक काड्यांचा झुपका बाहेर येतो. प्रत्येक काडी खाली काळी, वर गव्हाळ. काळा भाग म्हणजे बी. नखानं दाबून पाहावी. टणक लागली तर भरलेली, चपटी होऊन वाकली तर पोचट. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात, फरक नखालाच कळतो.

दसऱ्याच्या तोरणातला झेंडू वाळवून पेरण्याची चाल पुष्कळ घरांत आहे, आणि त्यातून थोडी रोपं उगवतातही. पण बाजारातलं फूल ताजं, टवटवीत असताना खुडलेलं असतं, त्याचं बी पुरतं भरलेलं नसतं. म्हणून मूठभर तोरण पेरलं तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी रोपं येतात. झाडावर महिनाभर सुकू दिलेल्या एकाच गेंदातून त्याहून जास्त येतील.

ऑफिस टाइमची गंमत निराळी. दहाच्या सुमाराला उमलतं म्हणून पुण्यात या फुलाला हे नाव पडलं. काही लोक त्याला चिनी गुलाब म्हणतात. फूल मिटून वाळलं, की त्याच्या जागी ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं बोंड राहतं. ते पिकल्यावर आडवं चिरतं आणि वरचा अर्धा भाग डबीच्या झाकणासारखा अलगद निघतो. खाली वाटीत असतात राखी रंगाचे, धातूसारखे चमकणारे बारीक दाणे. वाऱ्याची एक झुळूक आली, की वाटी रिकामी. म्हणून झाकण सैल व्हायच्या आधी, बोंडाची वरची कड पिवळसर झाली की ते कागदावर काढून घ्यावं.

तेरडा तर वाटच पाहत नाही. पावसाळ्यात गौरीच्या पूजेला लागणारा हा तेरडा, त्याचा रंग तीन दिवस अशी म्हणच आहे, पण त्याच्या शेंगेचा जोर कुणी म्हणीत आणलेला नाही. पिकलेली शेंग फिकट हिरवी, फुगीर, तट्ट ताणलेली असते. बोटाचा नुसता स्पर्श झाला, की तिच्या पाच फाका स्प्रिंगसारख्या गुंडाळतात आणि बी चारी दिशांना उडतं. लहान मुलांना हा खेळ फार आवडतो, आणि बी गोळा करण्याची खरी पद्धत त्याच खेळात आहे: शेंग आधी पूर्ण मुठीत घ्यायची, मगच दाबायची. अबोलीचं याच्या उलट. तिची वाळकी कणसं कोरडी असेपर्यंत गप्प असतात, पाणी शिंपडलं की तडतड फुटतात. पाऊस पडला तरच बी टाकायचं, असं झाडानं ठरवून ठेवलेलं आहे. अबोलीची वाळकी कणसं परडीत ठेवून वर फडकं टाकायचं आणि पाण्याचा हबका मारायचा, की फडक्याखाली बी जमतं.

गुलबक्षीला कसलीच खटपट नको. दुपारी चारनंतर उमललेलं तिचं फूल सकाळी मिटतं, आणि काही दिवसांनी खालच्या हिरव्या वाटीत एकच एक सुरकुतलेला काळा दाणा मिऱ्यासारखा बसलेला दिसतो. तो फोडला तर आत पांढरं पीठ. जुन्या वाड्यांच्या अंगणात हाताची ओंजळ भरून हे दाणे गोळा करणं हा पोरांचा उद्योगच असे. ते तोंडात घालायचे नाहीत, विषारी असतात, एवढं त्यांना आजी बजावून सांगत असे.

याच गुलबक्षीनं आनुवंशिकतेचं शास्त्र पुढे नेलं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मेंडेलनं वाटाण्यावर केलेल्या प्रयोगांचा निबंध १८६६ साली छापला गेला आणि चौतीस वर्षं धूळ खात पडला. १९०० साली तो ज्या तिघांनी पुन्हा उजेडात आणला, त्यांतला एक जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्स. त्यानं तांबड्या आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला, तेव्हा रोपं ना तांबडी आली ना पांढरी. सगळी गुलाबी आली. त्या गुलाबी झाडांचं बी पेरल्यावर मात्र पुढच्या पिढीत तांबडी, गुलाबी आणि पांढरी अशी तिन्ही फुलं निघाली, साधारण एकास दोनास एक या प्रमाणात. पुढे १९०९ मध्ये त्यानं पानांवर पांढरे पट्टे असलेल्या गुलबक्षीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या झाडाला काही फांद्या निव्वळ हिरव्या, काही फिक्या, काही चित्रविचित्र. हिरव्या फांदीवरच्या फुलाचं बी घेतलं तर रोपं हिरवीच येत, मग पराग कुठल्याही फांदीचा असो. पानांचा हा गुण फक्त आईकडून उतरत होता.

पुण्यातल्या एखाद्या वाड्यात तांबड्या आणि पांढऱ्या गुलबक्षी शेजारी शेजारी वाढत असतील, तर कॉरेन्सचा पहिला प्रयोग मधमाश्यांनी आणि पतंगांनी तिथे कधीच करून ठेवलेला असतो. म्हणून ‘मी गुलाबी फुलाचं बी लावलं आणि पांढरं फूल कसं आलं’ हा प्रश्न विचारणाऱ्याला कुणी फसवलेलं नसतं. बी फुलाच्या रंगाचं छायाचित्र नसतं. त्यात आई आणि बाप दोघांचा वाटा असतो, आणि बाप बहुधा शेजारच्या कुंडीतला असतो.

कुठल्या फुलाचं बी आईवर जाईल आणि कुठल्याचं नाही, हे बी धरणाऱ्यानं आधी समजून घ्यावं, म्हणजे पुढची निराशा टळते. गोकर्ण बहुतांशी स्वतःच्याच परागानं फळतं, त्यामुळे निळ्या गोकर्णाचं बी निळंच फुलतं. गोकर्णाची चपटी शेंग वाळून तपकिरी झाली, की फुटून पिळवटायच्या आत काढायची. अस्टरही मुख्यतः स्वपरागणाचा. म्हणूनच सुटी फुलं आणि बी दोन्ही घेणारे शेतकरी तो पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच बियांवर चालवू शकतात. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या गणेशखिंड केंद्रातून निघालेले ‘फुले गणेश व्हाइट’, ‘फुले गणेश पिंक’, ‘फुले गणेश व्हायलेट’ आणि ‘फुले गणेश पर्पल’ हे अस्टरचे वाण सरळ वाण आहेत, संकरित नव्हेत. पुणेकरानं आपल्या गच्चीसाठी एखादा वाण निवडून त्याचं बी धरायचं म्हटलं, तर याहून जवळचा आणि सोपा पर्याय नाही. फक्त एक पथ्य: अस्टरचं बी लवकर निर्जीव होतं. या मार्चचं बी येत्या ऑक्टोबरात पेरलंच पाहिजे, पुढच्या वर्षावर ढकलू नये.

झिनिया आणि कॉसमॉस यांच्यावर कीटकांची ये-जा फार, म्हणून त्यांचे रंग मिसळतात. ज्याला सरमिसळ आवडते त्यानं बिनधास्त बी धरावं. रोपवाटिकेतल्या पिटुनियाच्या आणि ठेंगण्या झेंडूच्या रोपांचं निराळं आहे. ती बहुधा पहिल्या पिढीची संकरित असतात. जपानच्या साकाता कंपनीनं १९३० च्या दशकात पूर्ण दुहेरी फुलांचा संकरित पिटुनिया बाजारात आणला आणि तिथून या धंद्याची दिशा बदलली. दोन निवडक वाणांचा संकर दर वर्षी नव्यानं करायचा, त्याची एकसारखी, जोमदार रोपं विकायची. त्या रोपांचं बी धरलं, तर पुढच्या पिढीत आजी-आजोबांचे गुण पुन्हा वेगवेगळे होऊन बाहेर पडतात. एक झाड उंच, एक खुजं, एकाचं फूल एकेरी. झेंडूच्या काही संकरित वाणांत पराग तयारच होत नाही, त्यामुळे काळ्या काड्या दिसल्या तरी आत काही नसतं. ज्यांना त्यातही मौज वाटते त्यांनी जरूर पेरून पाहावं. फक्त पाकिटावरच्या चित्रासारखं फूल मागू नये.

मोगरा, जाई, जुई, शेवंती, गुलाब यांच्या बाबतीत बियांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. मोगऱ्याला आपल्याकडे बी क्वचितच धरतं. शेवंती मुनव्यांनी वाढवायची. गुलाबाचं फळ पिकतं, बी उगवतंही, पण येणारं झाड वेगळंच असतं. ही फुलं छाटणीची, कलमाची, दाबाची. ती ज्याची त्याला लखलाभ.

निवड हा या कामाचा आत्मा आहे, आणि त्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण अमेरिकेतलं आहे. डेव्हिड बर्पी या बियाणं विक्रेत्यानं १९५४ साली जाहीर केलं, की पांढराशुभ्र झेंडू फुलवणाऱ्या बिया जो पाठवील त्याला दहा हजार डॉलर देऊ. झेंडू पिवळा, नारिंगी, तांबूस असतो. पांढरा तोवर नव्हता. देशभरातून हौशी बागवानांनी वर्षानुवर्षं बिया पाठवल्या. १९७५ साली बक्षीस मिळालं आयोवा राज्यातल्या सली या लहानशा गावच्या ॲलिस वोंक या बाईंना. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. दर हंगामात वाफ्यातला सगळ्यात फिका झेंडू हेरायचा, त्याचं बी वेगळं ठेवायचं, पुढल्या वर्षी फक्त तेच पेरायचं आणि त्यातला सगळ्यात फिका पुन्हा हेरायचा. एवढा एक नेम वर्षानुवर्षं पाळला तेव्हा त्यांच्या वाफ्यात पांढरा झेंडू उभा होता.

महाराष्ट्रात हीच चिकाटी अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी धान्या-भाज्यांच्या बाबतीत दाखवली. गावातले भात, वाल, घेवडे, भाज्या यांचे जुने वाण त्यांनी हातानं राखले आणि घरोघरी वाटले. पुण्यात वारज्याला मुख्यालय असलेल्या बाएफ या संस्थेची त्यांना साथ मिळाली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या बियाणं कोषातली मडकी आणि पुणेकराच्या गच्चीवरची काचेची बरणी यांत आकाराचा फरक आहे, जातीचा नाही. कायदाही इथे बी राखणाऱ्याच्या बाजूनं उभा आहे. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ याच्या कलम ३९ नं शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिलेला आहे. संरक्षित वाणाचं बी छापील नावानिशी विकता येत नाही, एवढंच. ज्या देशांत हा हक्क आक्रसत चालला आहे त्यांच्या तुलनेत ही मोठीच गोष्ट आहे.

गोळा केलेलं बी ठेवायचं कसं, यावर घरोघर वेगळे नुस्खे असतात. कुणी राखेत घोळवतं, कुणी कडुलिंबाचा पाला घालतं. बियांचे अभ्यासक जेम्स हॅरिंग्टन यांनी दिलेला ठोकताळा या सगळ्याच्या मुळाशी जातो. बियांतला ओलावा एक टक्क्यानं उतरला, की त्यांचं आयुष्य दुप्पट होतं. तापमान पाच अंश सेल्सियसनं उतरलं, तरीही दुप्पट. त्याचाच दुसरा सोपा नियम असा, की फॅरनहाइटमधलं तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज शंभराच्या आत असावी. पुण्यातल्या जुलैत ही बेरीज करून पाहावी: तापमान साधारण ७७, आर्द्रता ८५ च्या घरात, म्हणजे १६०च्या पुढे. स्वयंपाकघराच्या फळीवर कागदाच्या पुडीत ठेवलेलं बी आषाढात का मरतं, ते इथे कळतं. उन्हाळ्यातला कोरडेपणा पुण्यानं फुकट दिला, तो पावसाळ्याआधी बरणीत कोंडून ठेवायला हवा. बी सावलीत आठवडाभर वाळवायचं, पाखडून कचरा आणि पोचट दाणे काढायचे, कागदी पाकिटावर नाव-रंग-तारीख लिहायची, सगळी पाकिटं घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरायची, तळाशी भाजून गार केलेले मूठभर तांदूळ ओलावा शोषायला घालायचे आणि बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची. बाहेर काढली, की खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर थंड बियांवर हवेतलं पाणी बसतं.

नीट राखलेलं बी किती काळ टिकतं, याची उदाहरणं ऐकून थक्क व्हायला होतं. चीनमधल्या एका सुकलेल्या तळ्यात सापडलेलं सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचं कमळाचं बी रुजलं. अर्जेंटिनात सापडलेल्या खुळखुळ्यातल्या, अक्रोडाच्या कवचात घातलेल्या कर्दळीच्या बियांचं वय सहाशे वर्षांच्या आसपास भरलं, आणि त्यांतलं बीही उगवलं. कर्दळीचं बी गोटीसारखं टणक असतं. घरी लावताना ते दगडावर एका बाजूनं घासून, रात्रभर पाण्यात ठेवून मगच पेरावं लागतं. झेंडू-झिनियाकडून असल्या दीर्घायुष्याची अपेक्षा नको. दोन-तीन वर्षं पुरेत.

जुनं बी पेरण्याआधी त्याची परीक्षा घ्यावी, आणि त्यासाठी मराठी घराला नवं काही शिकायला नको. नवरात्रात घटाभोवती माती पसरून धान्य पेरतात, नऊ दिवसांत किती आणि कसं उगवलं ते पाहतात. फुलांच्या बियांनाही तेच लागू: वीस दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळायचे, डबीत ठेवायचे, आठ-दहा दिवसांनी मोड मोजायचे. चौदा-पंधरा निघाले तर बी चांगलं. पाच निघाले तर तिप्पट पेरायचं.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगायला हवी. गोळा केलेलं बी बागेच्या बाहेर उधळू नये. पावसाळ्यात टेकड्यांवर बिया टाकण्याची हौस पुण्यात वाढली आहे, आणि हेतू चांगला असला तरी परिणाम नेहमी चांगला नसतो. नारिंगी-पिवळा कॉसमॉस मेक्सिकोकडचा, बागेतून सुटलेला. भाद्रपद-आश्विनात रस्त्यांच्या कडेला आणि टेकड्यांच्या उतारांवर त्याचे ताटवे दिसतात, लोक फोटो काढतात. पण त्या उतारावर आपली सोनकी, आपले रानतेरडे, आपलं गवत उगवायचं असतं, त्यांची जागा तो खातो. काँग्रेस गवत भारतात पसरायला लागल्याची ठळक नोंद १९५० च्या दशकातली आणि ती पुण्यातलीच आहे. एका शहरानं एका परक्या झाडाचं एवढं भोगल्यावर दुसऱ्याला हातानं टेकडीवर नेऊन सोडू नये. उलटही खरं: कासच्या पठारावरून किंवा सिंहगडाच्या वाटेवरून रानफुलांचं बी खिशात घालून आणू नये. ते तिथेच पडायला हवं. आणि घरात लहान मूल असेल, तर धोतरा, एरंड, गुंज, बिट्टी यांचं बी दिसायला कितीही देखणं असलं तरी बरणीत ठेवू नये.

एवढं कळलं, की सुरुवात करायला पैसा लागत नाही आणि फार जागाही लागत नाही. वाचकांना विनंती एवढीच आहे. यंदा जानेवारीत तुमच्या वाफ्यातलं किंवा कुंडीतलं सगळ्यात निरोगी, सगळ्यात मनात भरलेलं एक झाड निवडा. अस्टर असेल तर उत्तम, झेंडू असेल तरी चालेल. त्याच्या बुंध्याला एक चिंधी बांधा, आणि घरातल्यांना, माळ्याला, सोसायटीच्या सफाईवाल्या मावशींना सांगून ठेवा, की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत या झाडाला हात लावायचा नाही.